ज्ञानकोशातील पूरक संदर्भ आणि व्यक्तिनामे : काही लेखनसंकेत

ज्ञानकोश हा पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचण्याचा ग्रंथ नव्हे. तो प्रसंगपरत्वे उघडून पाहण्याचा ग्रंथ होय. जिज्ञासू वाचक एखाद्या नावाचा किंवा शब्दाचा शोध घेत त्याच्याकडे येतो आणि इच्छित मजकूर मिळताच निघून जातो. ह्या अल्पशा भेटीत त्याला दोन गोष्टींचे साहाय्य होत असते. पहिली म्हणजे ज्या नावाखाली नोंद दिली आहे ते नाव, व दुसरी म्हणजे त्या नोंदीतून अन्य नोंदींकडे नेणाऱ्या खुणा. ह्या खुणांना मुद्रित कोशात पूरक संदर्भ म्हणतात आणि संगणकावरील कोशात दुवे म्हणतात. नाव हे कोशाचे प्रवेशद्वार व संदर्भ ही त्यातील वाट. दोहोंविषयीचे संकेत वरवर पाहता किरकोळ वाटतात. परंतु त्यांत ढिलाई झाली तर अचूक मजकूरही वाचकाच्या हाती लागत नाही, किंवा चुकीच्या माणसाच्या खात्यावर जमा होतो. प्रस्तुत लेखात ह्या संकेतांची कारणमीमांसा मराठी भाषेच्या विशेषांच्या अनुरोधाने केली आहे.

१. पूरक संदर्भांची आवश्यकता

अकारविल्हे मांडणी ही सोयीची, पण ज्ञानाच्या दृष्टीने विघातक अशी मांडणी आहे. तिच्यामुळे ‘अभंग’ व ‘वारकरी संप्रदाय’ हे एकमेकांना लगटून असलेले विषय कित्येक खंडांच्या अंतरावर जाऊन पडतात, आणि ज्यांचा परस्परांशी काडीचाही संबंध नाही असे विषय केवळ आद्याक्षराच्या योगाने शेजारी येतात. इफ्रेम चेंबर्स ह्या इंग्रज कोशकाराने १७२८ साली आपला ‘सायक्लोपीडिया’ दोन खंडांत प्रसिद्ध केला, तेव्हा ही अडचण त्याच्या पूर्णपणे ध्यानात आलेली होती. अकारविल्हे क्रमाने विखुरलेले ज्ञान पुन्हा सांधावयाचे, तर एका नोंदीतून दुसरीकडे बोट दाखविणारे संदर्भ पद्धतशीरपणे दिले पाहिजेत, असा विचार त्याने आपल्या प्रस्तावनेत मांडला व तो अमलातही आणला.

फ्रान्समध्ये दनी दिद्रो व त्याचे सहकारी ह्यांनी हेच साधन अधिक धीटपणे वापरले. त्यांच्या ‘आंसिक्लोपेदी’चे मजकुराचे १७ खंड १७५१ ते १७६५ ह्या काळात निघाले. १७५५ सालच्या पाचव्या खंडात खुद्द ‘ज्ञानकोश’ ह्या विषयावर दिद्रोची जी दीर्घ नोंद आहे, तीत त्याने संदर्भांचे प्रकार सांगितले आहेत. काही संदर्भ शब्दाचा अर्थ उलगडण्यासाठी असतात, तर काही वस्तुविषयक असून ते एका विषयाला दुसऱ्याचा आधार देतात किंवा विरोधी विषय समोर आणून पहिल्याची परीक्षा घेतात. नरभक्षकांवरील नोंदीतून ख्रिस्ती धर्मातील प्रसादविधीच्या नोंदीकडे निर्देश करण्याइतका खोडकरपणा त्या ग्रंथात आहे. राजाच्या अभ्यवेक्षकाला जे वाक्य खटकले असते, ते लेखकाने लिहिलेच नाही. केवळ संदर्भ दिला. ह्यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. संदर्भ देणे म्हणजे दोन गोष्टींत संबंध आहे असे विधान करणे होय. म्हणून वाक्याला जी जबाबदारी असते ती संदर्भालाही असते.

मराठीतील अनुभवही हेच सांगतो. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर (१८८४–१९३७) ह्यांनी १९२० साली प्रसिद्ध होऊ लागलेल्या ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’चे पहिले पाच खंड अकारविल्हे न ठेवता प्रस्तावनाखंड म्हणून विषयवार रचले. ‘हिंदुस्थान आणि जग’, ‘वेदविद्या’, ‘बुद्धपूर्व जग’ अशी त्यांची नावे आहेत. आधी विषयांची अखंड मांडणी व मग अक्षरानुक्रमाने त्यांची विभागणी, असा तो प्रयत्न होता. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी ह्यांच्या संपादकत्वाखाली ज्याचा पहिला खंड १९७६ साली निघाला, त्या ‘मराठी विश्वकोशा’ने प्रस्तावनाखंडांचा मार्ग न स्वीकारता मजकुरातील शब्दापूर्वी बाणाची खूण व नोंदीच्या अखेरीस ‘पहा’ अशी योजना केली. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियात तीच खूण निळ्या अक्षरांच्या दुव्याचे रूप घेऊन आली. साधन बदलले, प्रयोजन तेच राहिले.

२. संदर्भ कोठे द्यावा, कोठे देऊ नये

ज्या शब्दाची माहिती मिळाल्यावाचून प्रस्तुत नोंद समजणार नाही, किंवा जो विषय पुढे वाचण्याची इच्छा ही नोंद वाचताना साहजिकच उत्पन्न होईल, त्यालाच संदर्भ द्यावा हा पहिला नियम होय. लोकमान्य टिळकांवरील नोंदीत ‘केसरी’, ‘गीतारहस्य’, ‘होमरूल चळवळ’ ह्यांना संदर्भ हवा. ‘वृत्तपत्र’, ‘तुरुंग’, ‘पुस्तक’ ह्या शब्दांना तो देण्यात काहीही स्वारस्य नाही. मुद्रित कोशात जागेच्या मर्यादेमुळे हा संयम आपोआप पाळला जाई. संगणकावर दुव्याला जागा लागत नाही, म्हणून तेथे दर तिसरा शब्द निळा करण्याचा मोह होतो. पण सर्वच शब्द अधोरेखित केले की कोणताच शब्द अधोरेखित राहत नाही, आणि वाचकाला जेथे खरोखर न्यावयाचे होते ती वाट गर्दीत हरवते.

दुसरा नियम असा की एका नोंदीत एका विषयाला संदर्भ एकदाच, बहुधा तो शब्द प्रथम येतो तेथे, द्यावा. तिसरा नियम असा की ‘पहा’ आणि ‘हेही पहा’ ह्यांत भेद करावा. ‘दामले, कृष्णाजी केशव : पहा केशवसुत’ ह्यातील पहिला प्रकार वाचकाला सांगतो की येथे मजकूर नाही, तो अमुक ठिकाणी आहे. नोंदीच्या शेवटी येणारा दुसरा प्रकार सांगतो की येथील मजकूर पुरा झाला, परंतु लगतचा विषय तेथे आहे. संगणकावरील कोशात पहिल्याचे काम पुनर्निर्देशन करते. ते वाचकाच्या नकळत घडते, म्हणून ते अचूक असणे अधिकच अगत्याचे होय.

चौथा प्रश्न अस्तित्वात नसलेल्या नोंदींचा. मुद्रित कोशात ज्याचा संदर्भ दिला ती नोंद पुढील खंडात आलीच नाही, तर तो दोष समजला जातो, आणि खंड दीर्घकाळ निघत राहिले की असा दोष घडण्याचा संभव वाढतो. विकिपीडियात मात्र न लिहिलेल्या नोंदीचा दुवा तांबड्या अक्षरांत दिसतो व तो दोष न मानता लिहिण्याचे आमंत्रण मानला जातो. दोन्ही दृष्टी आपापल्या जागी योग्य आहेत. पूर्ण झालेल्या ग्रंथाने वाचकाला रिकाम्या दारापाशी नेऊ नये. चालू असलेल्या ग्रंथाने आपल्या उणिवा झाकू नयेत.

३. मराठी विभक्तीची अडचण

पाश्चात्त्य भाषांतील संदर्भपद्धती मराठीत जशीच्या तशी आणता येत नाही, ह्याचे मुख्य कारण सामान्यरूप होय. इंग्रजीत नाम वाक्यात बहुधा मूळ रूपातच राहते. मराठीत प्रत्यय लागण्यापूर्वी नामाचा अंत्यस्वर बदलतो. ‘पुणे’ ही नोंद असेल, पण वाक्यात ‘पुण्यात’, ‘पुण्याहून’, ‘पुण्याचा’ ही रूपे येतात. ‘रानडे’ ह्या नोंदीसाठी मजकुरात ‘रानड्यांनी’ असे येते. अशा ठिकाणी बाणाची खूण विकारित रूपापुढे दिली, तर वाचकाला मनातल्या मनात मूळ रूप काढून मगच खंड उघडावा लागतो. मराठी ज्याची मातृभाषा आहे त्याला हे अवघड नाही. परंतु अपरिचित नावांच्या बाबतीत जाणत्यालाही चकवा बसतो. ‘साठ्यांनी’ ह्या रूपावरून मूळ आडनाव ‘साठे’ की ‘साठ्ये’ हे कळत नाही, आणि दोन्ही आडनावे प्रचारात आहेत.

ह्यावर दोन उपाय आहेत. मुद्रित कोशात संशयास्पद ठिकाणी मूळ रूप कंसात द्यावे. संगणकावरील कोशात दुव्याचे लक्ष्य व दिसणारा शब्द हे उभ्या रेघेने वेगळे करता येतात, त्यामुळे वाक्यात ‘रानड्यांनी’ दिसते आणि दुवा ‘महादेव गोविंद रानडे’ ह्या नोंदीकडे जातो. दुव्याच्या सोयीसाठी ‘रानडे ह्या व्यक्तीने’ अशी बोजड वाक्ये लिहिण्याची काहीच गरज नाही. संदर्भाने भाषेपुढे नमावे. भाषेने संदर्भापुढे नमू नये.

आदरार्थी अनेकवचनामुळे आणखी एक गुंतागुंत होते. ‘पेशव्यांनी तह केला’ ह्या वाक्यात पेशवा एक की अनेक, आणि एक असल्यास कोणता, हे व्याकरणावरून कळत नाही. ‘भोसल्यांनी’ म्हणजे सातारकर की नागपूरकर, एक पुरुष की सगळे घराणे, हेही संदिग्ध राहते. खुद्द तहाचेही तसेच आहे. पुरंदरचा तह १६६५ साली शिवाजी महाराज व मिर्झाराजे जयसिंग ह्यांच्यात झाला आणि त्याच नावाचा दुसरा तह १७७६ साली मराठे व इंग्रज ह्यांच्यात झाला. अशा ठिकाणी नेमका संदर्भ हाच वाक्याचा अर्थ निश्चित करतो.

४. नोंद कोणत्या नावाखाली असावी

‘आंसिक्लोपेदी’त व्यक्तींच्या नावाने चरित्रनोंदी नव्हत्या. न्यूटनचे चरित्र वाचावयाचे तर त्याच्या जन्मग्रामाच्या नोंदीत, म्हणजे ‘वुल्सट्रोप’खाली शोधावे लागे. जर्मनीत त्सेडलरच्या प्रचंड कोशाने १७३२ पासून व्यक्तींना, इतकेच नव्हे तर हयात व्यक्तींनाही, स्वतंत्र नोंदी दिल्या आणि ‘ब्रिटानिका’ने १७७७ साली सुरू झालेल्या आपल्या दुसऱ्या आवृत्तीत चरित्रे घेतली. तेव्हापासून व्यक्तिनाम हा नोंदीचा मथळा झाला व त्याबरोबर नवे प्रश्न उभे राहिले.

आडनाव प्रथम, मग स्वतःचे नाव व पित्याचे नाव, अशी मराठी मुद्रित कोशांची रूढी आहे. ‘आगरकर, गोपाळ गणेश’ हे तिचे उदाहरण. अर्वाचीन महाराष्ट्रीय पुरुषाच्या बाबतीत ती निर्वेधपणे चालते. परंतु ती सार्वत्रिक सत्य समजल्यास घोटाळा होतो. ज्ञानेश्वर, नामदेव, चोखामेळा ह्यांना आडनावाची अपेक्षा नाही. चिनी नावात कुलनाम आरंभीच असते. ‘सुन यत्-सेन’ ह्यातील ‘सुन’ हेच कुलनाम, म्हणून तेथे स्वल्पविराम देऊन क्रम उलटविण्याचे कारण नाही. संयुक्त राष्ट्रांचे १९६१ ते १९७१ ह्या काळातील महासचिव ऊ थांट ह्यांच्या नावातील ‘ऊ’ हे ब्रह्मी आदरवाचक असून नाव ‘थांट’ एवढेच आहे. स्पॅनिश भाषेतील लेखक ‘गार्सिआ मार्केस’ ह्या जोडनावाखाली येतो, केवळ ‘मार्केस’खाली नव्हे. गोव्यातील कांदोळी येथे जन्मलेले, संमोहनविद्येच्या इतिहासात नाव मिळविलेले आबे फारिया (१७५६–१८१९) ह्यांच्या नावातील ‘आबे’ ही फ्रेंच धर्मोपदेशकाची उपाधी होय. नोंद ‘फारिया’खाली हवी.

तमिळ नावे अधिक विचार करावयास लावणारी आहेत. चंद्रशेखर वेंकट रामन (१८८८–१९७०) ह्यांच्या नावात पहिला शब्द पित्याच्या नावातून आलेला व ‘वेंकट रामन’ हे स्वतःचे नाव होय. त्यांचे पुतणे सुब्रह्मण्यन चंद्रशेखर (१९१०–१९९५) ह्यांचे स्वतःचे नाव ‘चंद्रशेखर’ आणि ‘सुब्रह्मण्यन’ हे पित्याचे. चुलता व पुतण्या ह्यांना समान आडनाव नाही. कारण मराठी अर्थाने आडनाव दोघांनाही नव्हते. ‘रामन परिणाम’ व ‘चंद्रशेखर मर्यादा’ ह्या दोन्ही संज्ञा व्यक्तिनामांवरून पडल्या आहेत, कुलनामांवरून नव्हे.

टोपणनावांच्या बाबतीत, ज्या नावाने वाचक शोध घेईल त्या नावाखाली नोंद व इतर नावांखाली ‘पहा’ हा व्यवहार्य नियम होय. राम गणेश गडकरी ह्यांनी नाटके स्वतःच्या नावाने, कविता ‘गोविंदाग्रज’ ह्या नावाने व विनोदी लेख ‘बाळकराम’ ह्या नावाने लिहिले. नोंद एकच असावी, पण वाटा तीन असाव्यात.

५. स्त्रियांची नावे

ह्या संपूर्ण व्यवस्थेत ज्यांच्यावर सर्वांत अधिक अन्याय होण्याचा संभव आहे, त्या स्त्रिया होत. विवाहाने आडनाव बदलते, आणि पुष्कळदा स्वतःचे नावही बदलते. आनंदीबाई जोशी (१८६५–१८८७) ह्यांचे माहेरचे नाव यमुना होते. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) ह्या अनंतशास्त्री डोंगरे ह्यांच्या कन्या व बिपिनबिहारी मेधावी ह्यांच्या पत्नी. ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ ह्या पदव्या त्यांना १८७८ साली कलकत्त्यास मिळाल्या. परदेशी ग्रंथालयांच्या सूचींत ‘सरस्वती’ ही पदवी नावाचा भाग म्हणून दिसते. अशा रीतीने एकाच विदुषीचा शोध डोंगरे, मेधावी, सरस्वती व रमाबाई अशा चार ठिकाणी घेतला जाणे शक्य आहे. कोशाने ‘रमाबाई, पंडिता’ येथे नोंद दिली आणि अन्य तीन ठिकाणी संदर्भ दिले नाहीत, तर जुन्या कागदपत्रांत ‘रमाबाई डोंगरे’ हे नाव वाचणाऱ्या अभ्यासकाला ती व्यक्ती कोशात नाही असेच वाटेल. शिवाय रमाबाई रानडे व रमाबाई आंबेडकर ह्यांच्याशी गल्लत होण्याची भीती वेगळीच.

मजकुरातील उल्लेखाचा प्रश्नही ह्याला जोडून येतो. पुरुषाचा उल्लेख आडनावाने व स्त्रीचा पहिल्या नावाने, अशी मराठी गद्याची सवय आहे. पती व पत्नी दोघेही नोंदीत येतात तेव्हा त्याला काही कारण असते, कारण ‘रानड्यांनी’ म्हटल्यावर दोघांतील कोण ते कळत नाही. परंतु जेथे अशी संदिग्धता नाही, तेथे शास्त्रज्ञ पुरुष ‘रामन’ आणि शास्त्रज्ञ स्त्री मात्र ‘अमुकताई’ हा भेद कोशाच्या निःपक्षपाती वृत्तीशी विसंगत ठरतो. निदान एका कोशात एकच पद्धत असावी.

६. उपाधी आणि आदर

मथळ्यात उपाधी नसावी, नोंदीच्या पहिल्या वाक्यात ती सांगावी, व पुढे केवळ नाव वापरावे, हा सर्वसाधारण संकेत. त्याच्या मुळाशी अनादर नसून कालक्रमाची चाड आहे. जोतीराव फुले ह्यांनी पुण्यात मुलींची शाळा १८४८ साली काढली. ‘महात्मा’ ही पदवी त्यांना १८८८ साली मुंबईत अर्पण झाली. ‘महात्मा फुले ह्यांनी शाळा काढली’ असे लिहिले की, ज्या तरुणाला त्या कार्यापायी समाजाचा रोष पत्करावा लागला त्याच्याभोवती चाळीस वर्षांनंतरचे वलय आधीच उभे राहते, आणि त्याच्या धैर्याचे मोल कमी दिसते. १६७४ पूर्वीच्या घटनांत ‘छत्रपती’ हा शब्द घालण्यातही हाच कालविपर्यास आहे. पदवी केव्हा, कोणी व कशासाठी दिली हे सांगणे हे कोशाचे काम. ती जपमाळेसारखी ओढणे हे नव्हे. जी उपाधी नावाशी एकजीव झाली आहे, जसे ‘पंडिता रमाबाई’ किंवा ‘सवाई माधवराव’, ती अर्थातच राहू द्यावी. तिच्यावाचून ओळखच पटत नाही.

क्रियापदाच्या वचनाविषयीही धोरण ठरविणे आवश्यक आहे. ‘कालिदासाने’ व ‘न्यूटनने’ ही एकवचने मराठीत रूढ आहेत, तर ‘टिळकांनी’ हे अनेकवचन अपरिहार्य वाटते. प्राचीन व परकीय ह्यांना एकवचन आणि स्वकीय अर्वाचीनांना अनेकवचन, ही रूढी समजण्यासारखी आहे. परंतु स्वकीयांतही कोणाला ‘त्याने’ व कोणाला ‘त्यांनी’ हे लेखकाच्या मर्जीवर सोपविले, तर आदराची वाटणी जातीवर, पक्षावर किंवा प्रतिष्ठेवर होऊ लागते. हे टाळण्यासाठी नियम लेखी असावा.

७. एका नावाची दोन माणसे

नाव व संदर्भ ह्या दोन्ही प्रश्नांचे मर्म एका उदाहरणात एकवटलेले आहे. एकोणिसाव्या शतकातील मराठी वादविवादांत ‘विष्णुशास्त्री’ हे नाव वारंवार येते. विष्णुशास्त्री पंडित (१८२७–१८७६) हे विधवाविवाहाचे खंदे पुरस्कर्ते. ईश्वरचंद्र विद्यासागरांचा त्या विषयावरील ग्रंथ त्यांनी मराठीत आणला. विष्णुशास्त्री चिपळूणकर (१८५०–१८८२) ह्यांनी १८७४ साली ‘निबंधमाला’ सुरू करून सुधारकांवर कठोर टीकास्त्र सोडले. जुन्या लेखातील नुसत्या ‘विष्णुशास्त्री’ ह्या उल्लेखाला घाईने चिपळूणकरांचा संदर्भ जोडला, तर एका वाक्यातील एकही अक्षर न बदलता इतिहास उलटा होतो. सुधारकाचे श्रेय त्याच्या विरोधकाला मिळते, व ज्याने लोकनिंदा सोसली तो विस्मृतीत जातो.

अशा चुकीचा विशेष हा की ती दिसत नाही. छापील चूक डोळ्यांना खटकते. चुकीचा दुवा मात्र निळ्या अक्षरांत नीटनेटका उभा असतो. एका कोशातून ती दुसऱ्यात जाते, आणि आता यंत्रे हे कोश वाचून उत्तरे तयार करीत असल्याने तिचा प्रसार पूर्वीपेक्षा वेगाने होतो. म्हणून समान नावांच्या व्यक्तींसाठी निःसंदिग्धीकरणाची स्वतंत्र नोंद असावी, प्रत्येक नावापुढे जन्ममृत्यूची वर्षे द्यावीत, आणि आद्याक्षरांवर विसंबू नये. धर्मानंद कोसंबी (१८७६–१९४७) व त्यांचे पुत्र दामोदर (१९०७–१९६६) हे इंग्रजी आद्याक्षराने दोघेही ‘डी. कोसंबी’च ठरतात. एक बौद्ध विद्येचे पंडित, तर दुसरे गणिती व इतिहासकार. आणि दोघांचेही लेखन प्राचीन भारताविषयी असल्याने विषयावरूनही निर्णय लागेलच असे नाही.

संकेतांचे मूल्य त्यांच्या शिस्तीत नाही, त्यांमागील हेतूत आहे. ज्याला नोंद सापडत नाही अशा वाचकासाठी, आणि ज्याची नोंद सापडत नाही अशा व्यक्तीसाठी, ते करावयाचे असतात. कोशकाराने संदर्भ लिहिताना तो स्वतः उघडून पाहावा, व नाव लिहिताना ते कोणकोणत्या रूपांनी शोधले जाईल ह्याचा विचार करावा. एवढे जरी निष्ठेने पाळले गेले, तरी पुष्कळसे नियम पाठ करण्याची गरज उरणार नाही.